आधी चाक घेतलं, मग थर्मामीटर: जळगावातल्या एका चिंचिलाच्या पिंजऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगावात माझं पाळीव प्राण्यांच्या सामानाचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक मुख्यतः कुत्र्याच्या खाद्याचं, त्याखालोखाल लव्हबर्ड आणि फिशटँकवाल्यांचं. ससे, गिनीपिग अधूनमधून. चिंचिलाचं सामान मागणारं घर इतक्या वर्षांत एकच आलं, आणि त्या घराला मी पहिल्यांदा चुकीचं सामान विकलं. त्यांच्या परवानगीनं हे लिहितोय. ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत. वजनाचे आणि तापमानाचे आकडे मात्र त्यांच्या मुलीच्या वहीतलेच आहेत.

घरात चार माणसं: आई-वडील दोघं नोकरी करणारे, आजी आणि अकरावीतली मुलगी. मोठा मुलगा पुण्याला. फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. नाताळच्या सुट्टीत मुलगा बहिणीसाठी चिंचिला घेऊन आला. करड्या रंगाचा नर, साधारण वर्षाचा, मोठ्या कानांचा, खारीसारख्या शेपटीचा. आजीनं पिंजऱ्यात डोकावून विचारलं, "हाई उंदीर शे का ससा?"

दोन्ही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला हा कुरतडणारा प्राणी. कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवर राहतो. फरसाठी त्याची इतकी शिकार झाली की जंगलातला चिंचिला आज धोक्यात आलेल्या प्राण्यांत मोडतो. घरोघरी पाळला जातो तो चिलीहून १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात नेलेल्या मोजक्या जनावरांचा वंश मानला जातो. माणसाच्या एका केसाच्या मुळातून एखाद-दुसराच केस येतो, याच्या एका मुळातून पन्नास-साठ येतात. फर इतकी दाट की पाणी आत शिरलं तर लवकर वाळत नाही. याला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः कानांतून. १५ ते २१ अंश त्याला मानवतं, पंचविशीच्या पुढं त्रास सुरू होतो. आणि हा प्राणी आला कुठं, तर मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जाणाऱ्या गावात.

सोबत आलेलं सामान असं: निळ्या-गुलाबी प्लॅस्टिकचा दोन मजली पिंजरा, त्याला तारेच्या जाळीचा तळ, ८ इंची प्लॅस्टिकचं चाक, प्लॅस्टिकचं घरकुल, लाकडी भुशाची पिशवी आणि सूर्यफुलाच्या बिया व वाळवलेल्या केळाचे तुकडे मिसळलेलं खाद्य. पावती नव्हती.

जानेवारीत मुलगी वडिलांसोबत दुकानात आली. हातात इंटरनेटवरून उतरवलेली यादी. "काका, मोठं चाक आहे का?" माझ्याकडं सर्वांत मोठं ११ इंची होतं, ते दिलं. सोबत 'बाथ सँड'चं, म्हणजे लोळून फर साफ करायच्या वाळूचं, पाकीट, खनिजाचा खडा, दोरीचा झुला. सगळं मिळून २,७०० रुपये झाले. पिंजरा कोणत्या खोलीत ठेवता, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या स्वतःच्या अंगावर तेव्हा स्वेटर होता.

अडचण कशी वाढत गेली

डिसेंबर-जानेवारीत जळगावच्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात. प्राणी खूश होता. रात्रभर उड्या, दिवसा झोप. घरच्यांना वाटलं, जमलं.

फेब्रुवारीत एकेक गोष्ट समोर आली. प्लॅस्टिकचा वरचा मजला अर्धा कुरतडून झाला होता आणि तुकडे तळाला फारसे सापडत नव्हते, म्हणजे ते पोटात चालले होते. लेंड्या लहान आणि कमी झाल्या. मुलगी स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रिक काट्यावर त्याचं दर रविवारी वजन करायची. ४८२ ग्रॅमवरून ते ४३६ वर आलं. तारेच्या तळामुळं मागच्या पंजाचा तळवा लाल झाला होता.

फरचा वेगळाच घोळ. मी दिलेली बाथ सँड संपली, तेव्हा वडिलांनी बांधकामावरून गिरणा नदीची वाळू चाळून आणली. वाळूचा कण फरच्या तळाशी पोहोचतच नाही, त्यामुळं तेलकटपणा निघत नाही. केस चिकटायला लागले. मग कोणीतरी कोमट पाण्यानं आंघोळ घातली. दोन दिवस तो कुडकुडत कोपऱ्यात बसला होता.

वजन उतरलं तेव्हा ते गावातल्या पशुवैद्यकांकडं गेले. त्यांनी सरळ सांगितलं: मी गुरं आणि कुत्री बघतो, याचा मला अनुभव नाही. मला हे उत्तर फार आवडलं. नाही म्हणणारा डॉक्टर जनावराला वाचवतो. त्यांच्या ओळखीतून पुण्यातल्या एका डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्यांचा पहिला प्रश्न दातांचा किंवा खाण्याचा नव्हता. त्यांनी विचारलं, "खोलीत तापमान किती असतं?"

कोणालाच सांगता आलं नाही. त्याच संध्याकाळी तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं एक डिजिटल थर्मामीटर घेतलं, साडेतीनशे रुपयांचं. दुसऱ्या दिवशी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता मुलीच्या खोलीत ३१.४ होतं. उन्हाळा अजून यायचा होता.

समोर असलेले पर्याय

मुलगी मला फोन करून रडवेली झाली. मी घरी गेलो. चहाच्या आधी आजींनी मला विचारलं की हे जनावर किती वर्षं जगतं. दहा ते पंधरा, कधी वीसही, असं सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

वडिलांनी एकूण १५,००० रुपये काढायची तयारी दाखवली होती, तीही कुरकुरत. चर्चेत आलेले पर्याय सांगतो.

पहिला अर्थातच कूलर. खान्देशात उन्हाळा म्हणजे कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या काड्यांच्या जाळ्या, मागं बादली, रात्रभर घरघर. घरात होताच. पण कूलर हवा थंड करतो ती ओली करून. मुलीनं तीन दिवस मोजलं. बाहेर ३८ असताना कूलरच्या खोलीत २७ अंश आणि आर्द्रता ७४ टक्के. माणसाला सुख. दाट फरच्या प्राण्याला मात्र दमट हवेत फर ओलसर राहण्याचा, त्यात बुरशी होण्याचा त्रास, आणि उष्णता बाहेर टाकायला आणखी अवघड. नुसत्या पंख्याचं तर बोलायलाच नको. ज्याला घाम येत नाही त्याला वारा घालून काय उपयोग? इथं वडिलांशी बरीच वादावादी झाली. "आम्ही चाळीस वर्षं कूलरमध्ये काढली" हे त्यांचं म्हणणं खरंच होतं, फक्त त्यांच्या अंगावर फर नव्हती.

दुसरा पर्याय आजींनी सुचवला आणि तो विचार करण्यासारखा होता. चोपडा तालुक्यात त्यांचं जुनं धाब्याचं घर आहे. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. भर उन्हातून आत गेलं की अंगावर गारवा येतो. थर्मामीटर तिथं दोन दिवस ठेवला. मार्चच्या मध्यावर दुपारी ३० आणि पहाटे २६. फ्लॅटपेक्षा कितीतरी चांगलं, पण चिंचिलाला पुरेसं नाही, आणि मे अजून पुढंच. शिवाय तिथं बघणार कोण?

तिसरा एसी. सर्वांत महाग.

चौथा म्हणजे थंड हवामानात, आधीच एसी असलेल्या, अशा प्राण्याची माहिती असलेल्या घरात त्याला देऊन टाकणं. माझं मत याच पर्यायाकडं होतं आणि मी ते बोललो. मुलगी उठून आत गेली. आई म्हणाली, "भाऊ, पंधरा दिवस द्या आम्हाला."

निर्णय शेवटी प्राण्यामुळं झाला नाही. मुलीचं पुढचं वर्ष बारावीचं. दुपारी त्या फ्लॅटमध्ये अभ्यास होणं शक्यच नव्हतं. पश्चिमेची भिंत तापणारी तिची खोली सोडून, उत्तरेकडची ८ बाय ९ फुटांची सामानाची खोली रिकामी करायची, तिथं एक टनाचा इन्व्हर्टर एसी लावायचा, पिंजरा आणि अभ्यासाचं टेबल दोन्ही तिथंच ठेवायचं, असं ठरलं. बसवण्यासह ३४,००० गेले, काही हप्त्यावर. लहान खोली निवडली हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय, आणि तो आईचा होता.

गच्चीवर चुना मारला, खोलीच्या वरच्या भागावर नर्सरीवाले वापरतात ती हिरवी जाळी बांधली. एसी २२ वर लावला की खोली २२-२३ राहते आणि आर्द्रता ४५ च्या आसपास. आजींचं पहिल्या दिवशीचं वाक्य: "येले थंडाई, आन माले उकाडा?" आठवड्याभरात त्यांची आरामखुर्चीही त्याच खोलीत गेली.

सामान: काय फेकलं, काय घेतलं, काय बनवलं

एसीनं बजेट संपवलं. आता पिंजऱ्यासाठी परदेशी सामान मागवणं शक्य नव्हतं. तेच बरं झालं, कारण निम्म्याहून अधिक वस्तू गावातच बनल्या.

पिंजरा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून केला. ३ फूट लांब, २ फूट रुंद, ४ फूट उंच. चिंचिला उड्या मारणारा प्राणी, त्याला उंची लागते. पण मधे फळ्या नसतील तर वरून पडून पाय मोडतो, म्हणून फळ्या जिन्यासारख्या एकाआड एक लावल्या. जाळी अर्धा बाय एक इंचाची. फॅब्रिकेटरनं साधी जीआय जाळी सुचवली, स्वस्त पडते म्हणून. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो आणि हा प्राणी दिवसरात्र कुरतडतो, जस्त पोटात जाऊन विषबाधा होऊ शकते. पावडर कोटिंग करून घेतलं. तेही अविनाशी नाही. मुलगी दर महिन्याला हात फिरवून कुठं उडालंय का बघते. तळाला तार नाही. स्टीलचा ओढता ट्रे, त्यावर घट्ट खोचलेलं फ्लीसचं कापड. पिंजऱ्याला ६,२०० रुपये.

फळ्यांच्या लाकडावर मी दोन दिवस घालवले. सॉ मिलमध्ये सगळीकडं सागवान आणि मिश्र लाकूड, प्लायवूडमध्ये डिंक-रसायनं. चिंचिला फळीवर बसतो आणि तीच खातो, त्यामुळं फळी म्हणजे खाद्यच समजायचं. भट्टीत वाळवलेलं पाइन चालतं. ते कुठं मिळेल? मशिनरीच्या पॅकिंगच्या खोक्यांत. पण परदेशातून आलेल्या प्रत्येक खोक्यावर शिक्का असतो: 'एचटी' म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. भंगारवाल्याकडं तीन खोकी 'एमबी'ची निघाली, चौथं 'एचटी'चं. त्यावरही तेलाचे डाग नसलेल्या फळ्याच निवडल्या, खिळे काढून रंधा मारला. १८० रुपये. इतका आनंद मला दुकानात नवा माल लावताना होत नाही.

कुरतडायच्या काड्यांसाठी तुती. याच्या दातांना वाढ थांबणं माहीत नाही, झिजवायला रोज काहीतरी लागतंच. निरोगी दात पिवळट-नारिंगी असतात. पांढरे दिसले तर काळजी करायची, हे घरच्यांना उलटं वाटत होतं. परदेशी याद्यांत सफरचंदाच्या फांद्या असतात. आमच्याकडं रेशीमवाले तुती लावतात. फवारणी न केलेल्या झाडाच्या फांद्या आणून, घासून धुऊन, दोन आठवडे सावलीत वाळवल्या. शेजाऱ्यांनी प्रेमानं सुबाभूळ आणून दिला, शेळ्या खातात म्हणून. तो परत केला. सुबाभळीत मिमोसिन असतं, त्यानं सशा-घोड्यांचे केस गळतात, मग ज्याची सगळी मालमत्ता केसच आहेत त्याला कशाला द्यायचं. लिंबू-संत्र्याच्या फांद्या आणि कण्हेरही नको. कण्हेर तर विषच.

चाकाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण चूक माझी होती. ११ इंची चाकात हा प्राणी पाठ वाकवूनच पळू शकतो. पाठ सरळ राहायला निदान १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर व्यास लागतो, आणि पळायची जागा सलग. पट्ट्यांच्या चाकात पाय अडकून मोडतो. असं चाक बाहेरून मागवलं तर आठ-नऊ हजार. फॅब्रिकेटर म्हणाला, भाऊ, हे तर मोठ्या डब्याचं झाकण आहे. त्यानं अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं १६ इंच व्यासाचं, ५ इंच रुंद पिंप कापलं, कडा आत वळवून घासल्या आणि मधे सायकलच्या पुढच्या चाकाचा हब बसवला. पहिल्या रात्री असा काही आवाज झाला की आजींना वाटलं पिठाची गिरणी सुरू झाली. पिंजऱ्याची जाळी चाकासोबत थरथरत होती. हब जाळीऐवजी मागच्या लोखंडी चौकटीला बसवल्यावर आवाज गेला. खर्च ९०० रुपये. माझ्याकडचं ११ इंची चाक मी परत घेऊन पैसे दिले.

प्लॅस्टिकचं घरकुल काढून कुंभाराकडून आणलेलं मडकं आडवं ठेवलं. रंग नाही, लेप नाही. कुरतडलं तरी भाजलेली माती. आईनं ते ओलं करून ठेवायचं सुचवलं, माठासारखं गार राहील म्हणून. नको म्हटलं, खोलीतला कोरडेपणा आपण विकत घेतलाय. बसायला शहाबादी फरशीचे एक-एक फुटाचे दोन तुकडे. खरं तर कडप्पा आणायचा होता, पण गच्चीवर शहाबादी पडून होत्या. फरशी अंगाखालची उष्णता ओढून घेते, पण खोली ३५ असेल तर फरशीही ३५ च. एसी नसलेल्यांना फरशी विकून समाधान देऊ नये, हे मी आता दुकानात सांगतो.

धुळीच्या आंघोळीवर पैसे वाचवायचे नाहीत असं ठरलं. ज्वालामुखीच्या राखेसारखी अगदी बारीक धूळ लागते. तिनं फरमधला तेलकटपणा आणि ओल निघते. चुलीची राख सुचवणारे पाच जण भेटले. ती क्षारयुक्त असते, डोळ्यांना आणि कातडीला झोंबते. मुलतानी मातीच्या पाकिटात गुलाब-चंदनाचा वास मिसळलेला. टाल्कम पावडर फुप्फुसात जाते. मागवलेली धूळ दीड किलोला १,१०० रुपये पडली. चाळून पुन्हा वापरली तर चार महिने पुरते. आठवड्यातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, मग भांडं बाहेर. कायम आत ठेवलं तर कातडी कोरडी पडते आणि तो त्यातच मुततो. भांडं म्हणून आधी लोणच्याची चिनी मातीची बरणी घेतली, पण कैरीचा वास काही केल्या जाईना. शेवटी स्टीलचं खोलगट पातेलं.

खाद्यात मोठा बदल केळाचा. जळगावात केळाला नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याला नाही म्हणणं. पण साखरेनं याच्या पोटात गॅस होतो आणि गॅस झालेला चिंचिला लवकर दगावतो. केळाचे वेफर, शेंगदाणे, बेदाणे, सगळं बंद. आजी लपूनछपून शेंगदाणा द्यायच्या. मुलीनं त्यांना तुतीच्या काड्यांचा डबा देऊन टाकला, "तुम्हीच भरवा" म्हणून. आता जवळजवळ सगळं गवत आणि रोज दोन चमचे साध्या गोळ्या. टिमोथी गवत बाहेरून येतं, महाग. निम्मं म्हणून दुधवाल्याकडचं वाळलेलं मारवेल सुरू केलं, पण आधी हातानं निवडून, कारण डोंगरी गवतात कुसळी निघते आणि कुसळ हिरडीत रुततं. लसूणघास टाळला, त्यात कॅल्शियम जास्त. कडबा जाडाभरडा म्हणून नको, आणि कोवळ्या ज्वारीच्या पोंग्याचं विष ही भीती शेतकऱ्यांना सांगावी लागत नाही.

पाण्याला स्टीलच्या नळीची काचेची बाटली. खनिजाचा खडा आणि दोरीचा झुला काढून टाकले. खडा गरजेचा नाही आणि सुताचे धागे आतड्यात अडकतात. भुसाही बंद.

पावतीचं एक राहून जात होतं. जंगली चिंचिलाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधन आहे, पाळीव वंशाला त्यातून सूट आहे. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची ४ मधल्या परदेशी प्राण्यांच्या नोंदीचे नियम २०२४ मध्ये आले. त्यामुळं मुलाला पुण्यातून विक्रेत्याची लेखी पावती मिळवायला लावली आणि ती घेऊन वडील वनविभागात चौकशीला गेले.

एप्रिलमधली एक दुपार

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सव्वाबाराला वीज गेली. घरातल्या इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात, एसी नाही. आई-वडील कामावर, मुलगी क्लासला, घरी फक्त आजी.

दोन वाजता मुलगी आली तेव्हा खोलीत २८.९ होतं. प्राणी कुशीवर पसरलेला, कान लाल, श्वास जलद. आजी ओला पंचा घेऊन त्याला गुंडाळायच्या बेतात होत्या. मुलीनं मला फोन केला. मी म्हटलं, फर ओली करू नका. कानांना आणि पंजांच्या तळव्यांना गार पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं लावा. बर्फाचं पाणी अजिबात नाही, एकदम गार केलं तर धक्का बसतो. फ्रीजमध्ये काय आहे?

फ्रीजमध्ये बर्फाच्या दोन बाटल्या होत्या. टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या दोन बाजूंना. मी दुकानाचं शटर ओढून गाडी घेऊन गेलो, एसी आधीच चालू ठेवून. मडक्यासकट त्याला बास्केटमध्ये घेतलं आणि एका नातेवाइकांच्या दवाखान्यात नेलं, तिथं जनरेटर आहे. डॉक्टरांच्या केबिनमध्ये, माणसांच्या रक्तदाबाच्या यंत्राशेजारी, चारच्या सुमाराला तो उठून बसला आणि त्यानं एक काडी धरली. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर पुढचे दोन दिवस लेंड्या मोजायला लावल्या. उष्माघातानंतर पोट बंद पडू शकतं म्हणून.

लाइट पावणेपाचला आली.

परिणाम

उन्हाळा निभावला. जूनच्या पहिल्या रविवारी वजन ५०८ ग्रॅम. तळवा भरून आला, फर पुन्हा मऊ झाली. मे महिन्याचं वीजबिल आदल्या वर्षीच्या मेपेक्षा सुमारे ३,८०० रुपयांनी जास्त आलं. पावसाळ्यात वाटलं सुटलो, पण जुलैत आर्द्रता ऐंशीच्या वर गेली आणि एसी कोरड्या मोडवर पुन्हा सुरू करावा लागला. धूळही गोळा होऊ लागली, म्हणून ती आता घट्ट झाकणाच्या डब्यात असते.

एप्रिलनंतर घरात तीन गोष्टी झाल्या. फ्रीजरमध्ये सहा बाटल्या कायम. खोलीच्या दारावर दवाखान्याचा, माझा आणि रिक्षावाल्याचा नंबर. आणि आजींना थर्मामीटर वाचायला शिकवलं: २५ दिसलं की बाटल्या, २७ दिसलं की फोन. आजींनी त्याला नाव दिलंय 'घड्याळ'. मराठी आकडे नाहीत म्हणून त्या थोड्या नाराज आहेत.

सगळ्या सामानाची बेरीज, एसी धरून, ४६ हजारांच्या आसपास गेली. पहिल्या दोन महिन्यांत वाया गेलेलं प्लॅस्टिक, माझं चाक आणि वाळू वगैरे यात धरलेलं नाही.

आज पुन्हा करायचं तर

वडिलांचं उत्तर ठाम: आणलाच नसता. मुलगी म्हणते, आधी थर्मामीटर घेतला असता. मला दोघांचंही पटतं, आणि माझ्यापुरतं एक जास्तीचं. जानेवारीत तिच्या हातात जी यादी होती त्यात चाक, झुला, फळ्या, खेळणी असं सगळं होतं, पण खोलीच्या हवेचा एक शब्द नव्हता. कारण ती यादी ज्या देशात लिहिली गेली तिथं खोली बहुधा आधीपासूनच गार असते. ती यादी बनवणाऱ्याची चूक नाही. जळगावात दुकान माझं आहे, विचारायचं मी होतं.

एसीचा निर्णय बरोबर होता का, यावर मी अजून ठाम नाही. एखादा बिघाड, वीज नसलेली एखादी लांबलेली दुपार येणार नाही, एवढ्याच भरवशावर हा प्राणी जगतोय. घर ऐपतीचं आहे आणि मुलगी जबाबदार आहे म्हणून निभावलं. ती पुढच्या वर्षी शिकायला बाहेर गेली तर काय, हा प्रश्न घरात अजून कोणी मोठ्यानं विचारलेला नाही. चौथा पर्याय तेव्हा पुन्हा टेबलावर येईल. या वेळी निदान देणाऱ्याकडं वजनाची वही, पावती आणि योग्य पिंजरा तरी असेल.

एसीचं काम पिंजऱ्याच्या आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं. आम्ही पर्याय मोजण्यात तीन आठवडे घालवले. मोजणं गरजेचं होतं, पण कूलरचा आकडा पहिल्याच दुपारी स्पष्ट होता. बाकीचे दोन दिवस आम्ही वडिलांना पटवण्यासाठी मोजत होतो. आणि वीज गेल्यावरची तयारी एसी बसवला त्याच दिवशी व्हायला हवी होती. सहा बाटल्यांना काही पैसे लागत नाहीत.

गेल्या आठवड्यात मुलाचा पुण्याहून फोन आला: एकटा कंटाळत असेल, जोडीला अजून एक आणू का? मुलीनं उत्तराऐवजी हॉलमधल्या थर्मामीटरचा फोटो पाठवला. दुपारचे दोन, ३८.६.